डावीकडच्या खांबापाशी

“काकू, पाय जरा वर घ्या, वायर तुमच्या चपलेखाली आलीय,” मी टेबलाखालून ओरडले.

खुर्चीवरच्या बाईंनी घाईघाईनं पाय ओढून घेतले आणि वरून विचारलं, “शॉक बसतो का गं?”

“नाही हो. चित्राची वायर आहे. तुमच्यासमोरच्या टीव्हीत जाते.”

पिवळी पिन टीव्हीच्या मागे खुपसून मी अंगावरची जळमटं झटकत बाहेर आले. दिवे आत्ताच आले होते. ते गेले की मला हा खटाटोप पहिल्यापासून करावा लागायचा. आमच्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड महा हट्टी. टीव्ही आधी चालू असला आणि मग कॉम्प्युटर सुरू केला तरच ते टीव्हीला ओळख द्यायचं, नाहीतर शेजारी टीव्ही आहे हे कबूलच करायचं नाही. ओळख दिली तरी पहिल्यांदा चित्र काळंपांढरं. मग मी सेटिंगमध्ये जाऊन चारदोन ठिकाणी टिचक्या मारायच्या, तेव्हा कुठे नवरीच्या शालूला हिरवा रंग चढायचा.

फलटणला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एका स्टुडिओत मी लग्नांच्या शूटिंगचं मिक्सिंग करत होते. कॅसेटवरचं चित्रण कॉम्प्युटरवर घ्यायचं, कापायचं, जोडायचं, गाणी घालायची आणि सीडी काढून द्यायची. कॉम्प्युटरचा पडदा माझ्या तोंडासमोर आणि टीव्ही गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर, अशी आमची बैठक. जे माझ्याकडे दिसतं तेच त्यांच्याकडे. लोक घरी जाऊन टीव्हीवरच बघणार, तेव्हा पास-नापास टीव्हीवरच ठरायचं. मालक सकाळपासून रात्रीपर्यंत कुठल्या ना कुठल्या मांडवात. त्यामुळे दुकानाची राणी मीच.

“बोला, काय करायचं?” मी विचारलं.

काकूंनी पिशवीतून सीडी काढली. दोन वर्षांपूर्वीच्या लग्नाची, आमच्याच स्टुडिओची. वर नाव छापलेलं, ‘अस्मिता आणि तुषार’. मी तेव्हा इथं नव्हते, माझ्या आधीच्या माणसानं केलेलं काम होतं.

“ह्यातनं आमच्या ह्यांचा फोटो काढून पाहिजे,” काकू म्हणाल्या. “परवा वर्षश्राद्ध आहे. घरात लावलाय तो कारखान्याच्या ओळखपत्रावरचा. मोठा केला तर नाक कुठं नि डोळे कुठं. तिशीतले दिसतात त्यात. गेले तेव्हा बासष्टचे होते. येणाराजाणारा विचारतो, हे कोण म्हणून.”

त्यांचं नाव सुलोचनाकाकू भोईटे. नवरा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. उसाच्या गाड्या तोलायच्या, आकडा सांगायचा. सगळे अण्णा म्हणायचे.

“लग्नात तुमच्या-त्यांच्या जोडीचं चिक्कार चित्रण असेल की,” मी म्हटलं. “कन्यादानाचं घेऊ. छान समोरून असतं.”

काकू टीव्हीच्या बंद काचेकडे बघत राहिल्या.

“कन्यादान ह्यांच्या भावानं नि जावेनं केलं. हे नव्हते,” त्या म्हणाल्या. “हळदीचं बघ. घरी शूटिंग झालं होतं, त्यात कुठंतरी असतील.”

मिक्सिंगवालीला घराघरातली उणीदुणी कळतात, कोण कुणाच्या शेजारी उभं राहत नाही ते पडद्यावर लख्ख दिसतं. पण तोंड उघडायचं नसतं.

हळदीत अण्णा सापडले, तेही पाठमोरे. अंगणात बायका खिदळतायत, पोरीच्या गालांना हळद लागतेय आणि मागं ओट्यावर एक माणूस भिंतीकडे तोंड करून बसलाय. अंगात तपकिरी हातविणीचा स्वेटर. कॅमेरा त्यांच्याकडे वळला तसे ते उठून आत गेले.

“हेच,” काकू म्हणाल्या. “पाठीचा फोटो कसा लावायचा गं भिंतीवर?”

मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. “थांबा, पुढं बघू,” म्हणून मी चित्र पळवायला लागले. वरात, नवरदेव, पाहुण्यांचे फेटे, मग मंगल कार्यालय. मुलगी पाटावर उभी, मागं तिचा मामा, मध्ये अंतरपाट. मंगलाष्टकं सुरू झाली. मी पळवत होते आणि एकदम माझं बोट थांबलं.

डाव्या कडेला, खांबाला खेटून, तपकिरी स्वेटर.

“काकू, हे बघा! हे काय, अण्णाच की!”

“कुठं?” काकूंनी टीव्हीत डोळे घातले.

“अहो असं काय करता, डावीकडं. खांबापाशी.”

“खांब कुठाय? मला तर भटजी दिसतोय.”

मी मान लांब करून टीव्हीत बघितलं. खरंच, टीव्हीत चित्र भटजींच्या खांद्यापासून सुरू होत होतं. ना खांब, ना माणूस. माझ्या पडद्यावर मात्र दोन्ही होते.

डोक्यात उजेड पडायला मला वेळ लागला नाही, कारण ही गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असते. तेव्हाचे ते फुगीर काचेचे टीव्ही चारही बाजूंनी चित्राची कड खायचे. थोडीच खायचे, बोटभर. म्हणून नावं, तारखा वगैरे कधी कडेला टाकायच्या नाहीत. कॉम्प्युटर मात्र काही खात नाही, असेल ते सगळं दाखवतो. आमच्यासाठी ती कड म्हणजे कापडाची किनार, गेली तर गेली. त्या किनारीत माणूस उभा असेल हे कुणाच्या मनात येणार?

“काकू, तुम्ही इकडं या. माझ्या खुर्चीवर बसा.”

त्या आल्या. मी चित्र मागं नेऊन पुन्हा लावलं. स्वयंपाकघराच्या बाजूच्या दारातून तो माणूस आत येतो, इकडं तिकडं बघत खांबाच्या आडोशाला उभा राहतो. सगळ्यांची तोंडं नवरानवरीकडं, त्याच्याकडं कुणाचंच लक्ष नाही. प्रत्येक ‘सावधान’ला त्याचा हात वर जातो. अक्षता नवरीपर्यंत पोचत नाहीत, मधल्या लोकांच्या डोक्यांवर पडतात. तरी तो टाकतोय. शेवटच्या मंगलाष्टकाला त्यानं टाकलंच नाही, तोंड स्वेटरच्या बाहीत घातलं. टाळ्या झाल्या, बँड वाजला, अंतरपाट दूर झाला आणि तो आला त्याच दारानं निघून गेला.

काकू रडल्या नाहीत. त्यांनी पदर तोंडावर दाबून धरला आणि पदराआडून म्हणाल्या, “खोटं नव्हतं गं बोलत माझं माणूस.”

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी तो नुसताच मांडीवर धरून ठेवला.

“पोरीनं स्वतःच्या मनानं ठरवलं लग्न,” त्या बोलायला लागल्या. “जात दुसरी. ह्यांनी आकांडतांडव केलं. मी कन्यादान करणार नाही, मांडवात पाऊल टाकणार नाही, सगळ्या भावकीसमोर बोलले. मी म्हटलं, बोलतायत, येतील. नाही आले. म्हणजे मला वाटलं नाही आले. पोरीला वाटलं, सगळ्या गावाला वाटलं.”

“पण तुम्हाला कसं दिसलं नाही? तुम्ही तिथंच असणार ना?”

“मी कशी असेन? मंगलाष्टकं चालू असताना मुलीच्या आईनं मुलीचं लग्न बघायचं नसतं आमच्यात. मी मागच्या दारी तुळशीला पाणी घालत उभी. पोरगी अंतरपाटाच्या आत. मागाहून हे मला म्हणाले, मी गेलो होतो, अक्षता टाकल्या, आलो. मी काय सांगणार? मी कुठं बघितलं होतं?”

“मग अस्मिताला नाही सांगितलं?”

“सांगितलं की. ह्यांनी स्वतः फोन केला तिला पुण्याला. वजनकाट्यावरचा माणूस, उभ्या जन्मात कुणी त्यांना खोटं म्हणालं नव्हतं. त्या पोरीनं सीडी लावून बघितली. म्हणाली, अण्णा, सगळं आहे ह्यात, तुम्ही नाही. सरळ सांगा, राग होता म्हणून आलो नाही. वर हे नाटक कशाला? ह्यांनी फोन ठेवला. तेव्हापासून बोलणं बंद. तिचंही आणि ह्यांचंही.”

तांब्यातलं पाणी त्यांच्या लुगड्यावर सांडलं, त्यांना कळलंही नाही.

“मग बाई, हे रोज दुपारी ती सीडी लावायला लागले. टीव्हीला नाक लावून बसायचे. मी म्हणायची, डोळे जातील. एकदा तर टीव्हीच्या बाजूला उभं राहून तिरपं बघत होते, काचेच्या आत आपण कुठं लपलोय का ते. आणि शेवटी शेवटी मला म्हणाले, सुले, मी गेलोच नसेन गं. म्हातारपणानं डोकं फिरलं असेल माझं. मनातच गेलो असेन.”

एका काचेनं माणसाचा स्वतःच्याच डोळ्यांवरचा विश्वास उडवला होता. आमच्या स्टुडिओत येऊन एकदा ह्या पडद्यावर बघितलं असतं तर? पण कुणाला सुचणार? सीडी एकच, चित्र एकच, घरात दिसत नाही ते दुकानात कसं दिसेल, असंच कुणीही म्हणेल.

थोड्या वेळानं काकूंनी विचारलं, “त्यांना टीव्हीत आत घेता येईल का?”

“येईल. चित्र लहान करावं लागेल. भोवती काळी पट्टी येईल.”

“येऊ दे.”

मी चित्र आक्रसलं. टीव्हीत काळी चौकट उमटली आणि तिच्या आत, डाव्या कडेला, खांब आणि अण्णा दोघंही आले. काकू उठून टीव्हीपाशी गेल्या. काचेवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

“काकू, मी अशीच नवी सीडी करून देते. अस्मिताला दाखवा. उद्याच दाखवा.”

“उद्या येतेय ती. फोटोला हार घालणार नाही म्हणते.” त्या खुर्चीवर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, “सीडी नको. नुसता फोटो दे.”

“अहो, का?”

“तिला काय सांगू? तुझा बाप खरं बोलत होता आणि तू त्याला खोटं पाडलंस, म्हणून? आता तो आहे का माफ करायला? आत्ता निदान रागावून तरी आहे बापावर. रागावर माणूस जगतं गं. हे कळलं तर ती जगायची नाही.”

“आणि अण्णांचं काय? त्यांच्यावरचा डाग तसाच ठेवायचा?”

हे मी बोलायला नको होतं. काकूंनी माझ्याकडं असं बघितलं की माझी मान खाली गेली.

“त्यांना मी बघितलं आज. बास झालं,” त्या म्हणाल्या.

मी अण्णांचा फोटो काढला. हात वर, अक्षता टाकण्याच्या बेतात. सीडीवरचं चित्र, मोठं केल्यावर धूसर झालं, मागचा खांब आणि झेंडूची माळ मी पुसायला हवी होती, ती राहिली. काकूंना घाई होती. संध्याकाळी त्या फोटो घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा उघडला होता तेवढ्यात दारात एक मुलगी उभी राहिली. ओळखायला वेळ लागला नाही. आदल्या दिवशी हिला हळद लागताना बघितली होती, फक्त आता गाल बसले होते.

“तुम्हीच का मिक्सिंग करता?”

“हो. ये ना, बस.”

ती बसली नाही. “आमच्या घरी अण्णांचा फोटो लावलाय. मागं माझ्या मांडवातली झेंडूची माळ आहे. मी आईला विचारलं, हा कुठला फोटो? आधी म्हणाली, कुणाच्या तरी बारशातला. मग मी धरूनच बसले, तेव्हा रडली आणि सगळं सांगितलं. मला बघायचंय.”

मी डबा बाजूला सारला. टीव्ही चालू करून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, पिवळी पिन हलवून बघितली. तिची आई काय म्हणाली होती ते कानात वाजत होतं.

“आधी आमच्या घरी दिसतं तसं दाखवा,” ती म्हणाली.

टीव्हीत मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींचा खांदा, अंतरपाट, ती स्वतः.

“आता खरं दाखवा.”

मी माझा पडदा तिच्याकडं वळवला. ती वाकून बघत राहिली. तो माणूस आत आला, आडोशाला उभा राहिला, हात वर करत राहिला. तिनं एकदा टीव्हीकडं बघितलं, एकदा पडद्याकडं. इकडं बाप होता, तिकडं नव्हता.

“मला फोनवर म्हणाले होते,” तिचा आवाज अगदी बारीक झाला. “डावीकडच्या खांबापाशी उभा होतो, नीट बघ. मी फोन कानाला लावूनच बघत होते. आणि मी म्हणाले, अण्णा, इथं खांबच नाहीये. खांब तरी असा सांगा जो कार्यालयात आहे.”

ती मटकन खुर्चीत बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर पाठ लाकडासारखी ताठ.

“तुझी काय चूक गं? टीव्ही खातो ती कड. भल्याभल्यांना माहीत नसतं.”

“टीव्हीचं जाऊ द्या. मला बापाचं ऐकायला काय झालं होतं?”

बाहेर एसटीवाले गावांची नावं पुकारत होते. पडद्यावरचं चित्र संपलं, मी ते परत लावलं नाही.

मग तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडं सरळ बघून म्हणाली, “ताई, एक विचारू? आई म्हणाली, जायच्या आधी अण्णा इथं येऊन गेले होते. तुम्ही त्यांना कॉम्प्युटरवर दाखवलं होतं. आपण होतो हे त्यांना कळलं होतं, समाधानानं गेले, म्हणाली. खरं आहे का?”

त्या माणसाचं तोंड मी पहिल्यांदा पाहिलं तेच मुळी आदल्या दिवशी, आणि तेही काचेत. त्याचा तर स्वतःच्या डोक्यावरचा भरवसाच उडून गेला होता. आणि त्याच्या बायकोनं रातोरात हे रचलं होतं. मला सांगायला वेळही मिळाला नव्हता तिला. देवा, काय हा प्रसंग! जन्मभर खरा आकडा सांगणाऱ्या माणसाच्या नावावर खोटं बोलायचं होतं, आणि तेही त्याच्या पोरीच्या तोंडावर.

“हो,” मी म्हणाले. “आले होते.”

“कधी?”

“असेच दुपारचे. गर्दी नव्हती. इथंच बसले होते.”

“मग? बघितल्यावर काय म्हणाले?”

ती तर वाट बघत होती, लहान मूल बघतं तशी.

“बोलले काही नाहीत,” मी म्हणाले. “बघितलं, आणि हसले.”

अस्मिता माझ्याकडं बघतच राहिली. मग तिनं हळूच नजर खाली घेतली.

“अण्णा हसायचे नाहीत, ताई,” ती म्हणाली. “कधीच नाही.”

मला वाटलं जमीन फाटावी आणि मी आत जावं. मी काहीतरी सावरायला तोंड उघडलं, तिनं मानेनंच नको म्हटलं. उठली, पदर खांद्यावर नीट घेतला, पिशवी उचलली. दारापाशी जाऊन थांबली.

“आई उद्या श्राद्धाचं आवरलं की तुम्हाला भेटायला येईल. ती विचारेल, अस्मिता काय म्हणाली.”

“मी काय सांगू?”

“सांगा, तिला पटलं म्हणून. समाधान झालं तिचं, म्हणावं. अगदी हलकी होऊन गेली.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू आल्या, आणि मी त्यांना तसंच सांगितलं.